आबासाहेबांच्या मॉरिसचं कुंकू

नामदेवराव हंबर्डे कोणाच्याही घरी गेले की आधी वर पंख्याकडे बघत. पात्याच्या कडेला धूळ दिसली तर चहा नको म्हणत. पातं स्वच्छ असलं तर बसत, चहा घेत आणि मग यजमानांच्या तब्येतीची चौकशी करत. त्यामुळे ते येणार असं कळलं की नातेवाइकांत साखर आणायला कोणी धावत नसे, स्टूल शोधायला धावे. हैदराबादच्या गौलीगुड्यातलं त्यांचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. पण त्यातल्या पंख्याखाली एखाद्याचं ऑपरेशन करावं इतका तो निर्मळ. त्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मी म्हणायच्या, "माझ्या तोंडाकडे बघून किती वर्षं झाली ते विचारा ह्यांना. पंख्याला मात्र रोज नजर लागते."

हंबर्ड्यांची शेती नांदेडकडची. आजोबा हैदराबादेत आले तेव्हा ते काही परमुलखात आले नव्हते. आपल्याच राज्याच्या राजधानीत आले होते. पुढे राज्यं फुटली, नकाशे नव्यानं काढले गेले, आणि हंबर्डे जागचे न हलता परप्रांतीय झाले. घरात मराठीच बोलली जाई, पण तिच्यात 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरले होते की पुण्याच्या जावयाला सुरुवातीचं वर्षभर सासरे आपली चेष्टा करताहेत असंच वाटे.

नामदेवरावांची नोकरी एका सरकारी कारखान्यात, यंत्रांच्या देखभालीची. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा व्हायची. दारात कोहळा फुटायचा, कापूर जळायचा आणि प्रत्येक लेथच्या अंगावर हळदकुंकवाची बोटं ओढली जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवराव रॉकेलचा बोळा घेऊन ते सगळं खरवडून काढत. "देव आला, बसला, प्रसाद घेऊन गेला. आता लेथला श्वास घेऊ द्या की," असं त्यांचं म्हणणं. कुंकू ही त्यांच्या लेखी लोखंडात ओल धरणारी एक भुकटी होती. कपाळावर ती ठीक, कारण कपाळाला ग्रीस लावत नाहीत.

मग देशाची अर्थव्यवस्था खुली झाली आणि कारखान्याचं दार बंद झालं. सगळ्यांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं आणि सगळे स्वेच्छेनं झाले, कारण दुसरी इच्छा उपलब्ध नव्हती. नामदेवराव घरी बसले. चार महिन्यांत घरातली प्रत्येक वस्तू इतकी घासली गेली की पितळी तांब्याचं वजन कमी झाल्याचा संशय भाग्यलक्ष्मींना येऊ लागला.

त्यांना वाचवलं जावयानं. प्रकाशराव मूळचे पुण्याचे, हायटेक सिटीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, आणि त्या काळातल्या सगळ्या तरुणांप्रमाणे डोक्यात एक धंदा घेऊन फिरणारे. पूर्वी परदेशी यंत्र आणायचं तर दिल्लीची परवानगी लागे. आता नुसता जावई पुरतो. त्यांनी चेन्नईतल्या एका बंद पडलेल्या कंपनीकडून एक यंत्र उचललं, कुकटपल्लीला भाड्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं आणि सासऱ्यांना दाखवायला नेलं.

यंत्र म्हणजे चाकांवरची एक पेटी, तिला जाड नळी आणि नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. पेटीत तांदळाएवढे बर्फाचे दाणे ओतायचे. हा कोरडा बर्फ पाण्याचा नव्हे, वायूचा. तो वितळत नाही, सरळ हवेत विरून जातो. कॉम्प्रेसरच्या जोरावर दाणे घाणीवर आदळले की घाण गारठून तडकते आणि सुटून पडते. पत्रा ओला होत नाही, ओरखडा उठत नाही, चांगला रंग जागचा हलत नाही. प्रकाशरावांनी ग्रीसनं काळाकुट्ट झालेला एक गिअर समोर ठेवला आणि नळी धरली. पांढरा धूर झाला, कान फाटतील असा आवाज झाला, आणि धूर निवळला तेव्हा गिअर नुकताच जन्मल्यासारखा पडला होता.

नामदेवरावांनी वाकून गिअर चहूबाजूंनी पाहिला. मग त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"अंतरपाट काढला तेव्हा मला बघून असं झालं नव्हतं," भाग्यलक्ष्मी जावयाला म्हणाल्या.

धंदा मात्र गिअरसारखा चमकेना. उस्मानिया बिस्किटांच्या एका बेकरीच्या भट्ट्या मिळाल्या, टायरचे साचे मिळाले, एका छापखान्याचं यंत्र मिळालं. नामदेवराव भट्टीसुद्धा अशा भक्तिभावानं साफ करत की बेकरीवाला चप्पल बाहेर काढून आत येऊ लागला. पण भट्ट्या काही रोज घाण होत नाहीत. डिसेंबरात प्रकाशराव म्हणाले, "बाबा, भोसरीचा एक कारखानदार मशीन मागतोय. संक्रांतीपर्यंत बघू. जुन्या गाड्यांचं काम मिळालं तर ठेवू. नाहीतर पाठवून देऊ. बाहेरच्या देशांत जुन्या गाड्या ह्यानंच साफ करतात. इथे नवाबांच्या शहरात प्रत्येक तिसऱ्या गॅरेजात एक पडलेली आहे, पण एकही मालक हात लावू देत नाही."

"ते ठीकच आहे," नामदेवराव म्हणाले. "त्यांना माहीत नाही ना, आपण हात लावतच नाही म्हणून."

बोलताना हसले, पण त्या रात्री जेवण अर्ध्यावर सोडलं. यंत्र पुण्याकडे गेलं असतं तर त्यांना परत पंखेच उरले असते.

अशा वेळी आबासाहेब देशमुख आपली गाडी द्यायला तयार झाले. आबासाहेब काचीगुड्याला राहत. देगलूरकडची मोठी देशमुखी; त्यातली निम्मी जमीन कूळकायद्यात गेली, उरलेली भाऊबंदांत, आणि वडिलांनी पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी घेतलेली मॉरिस गाडी तेवढी कोणालाच हिश्श्यात नको होती म्हणून आबासाहेबांकडे राहिली. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शहरातल्या जुन्या गाड्यांची रॅली होती. सगळे मालक येणार, परीक्षक बॉनेट उघडून बघणार आणि गाडी किती अस्सल राहिली आहे यावर गुण देणार. आबासाहेबांची मॉरिस दरवर्षी रॅलीला जाई आणि दरवर्षी एक मालक त्यांना म्हणे, "देशमुख साब, गाडी अच्छी है, जरा नहलाओ."

"नामदेवराव," आबासाहेब म्हणाले, "वरचा रंग माझा मी बघतो. तुम्ही खालचं आणि इंजिनाकडचं काढा. पण मूळ रंगाचा एक टवका जरी उडाला ना, तर तुमचं यंत्र मूसी नदीत."

"हौ, आबासाहेब," नामदेवराव म्हणाले. "चाकं आहेत त्याला. ढकलायला सोपं जाईल."

शुक्रवारी मॉरिस कुकटपल्लीच्या शेडमध्ये आली. वायू साचू नये म्हणून दोन्ही बाजूंची दारं सताड उघडली होती. आबासाहेब खुर्ची टाकून मफलर गुंडाळून बसले. त्यांना दम्याचा जुना खोकला, आणि पत्नी पद्मावतीबाईंनी घरीच थांबा म्हटलं म्हणूनच ते आले असावेत. भाग्यलक्ष्मीही होत्या. बेगम बाजारातून संक्रांतीचे तीळ, गूळ आणि पाहुण्यांसाठी एक पांढरीशुभ्र चादर घेऊन त्या जेवणाचा डबा पोचवायला आल्या होत्या आणि तमाशा बघायला थांबल्या होत्या.

सकाळभर काम बघण्यासारखं झालं. गाडीच्या पोटाखालचं चिखलाचं कवच गळून पडलं आणि आत कारखान्यातून आला तसा हिरवा रंग निघाला. एका दांड्यावर निळ्या खडूची खूण निघाली. विलायतेतल्या कोणा तपासनिसानं 'ठीक आहे' म्हणून ओढलेली. पन्नासाहून जास्त वर्षं ती चिखलाखाली झोपून होती. आबासाहेब गुडघे टेकून ती बघायला गेले आणि त्यांना उठवायला दोघं लागली.

"पुसू नका हो ती खूण!"

"पुसायला हात कुठे लावतोय मी," नामदेवराव म्हणाले. आनंदानं त्यांचा आवाज चढला होता. यंत्र हैदराबादेतच राहणार, हे त्यांना त्या खडूत स्पष्ट लिहिलेलं दिसत होतं.

मग बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर एक काळपट लाल थर बसला होता, बोटभर जाड, खपलीसारखा. नामदेवराव वाकले, वास घेतला. कापूर, ग्रीस आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. त्यांनी लगेच ओळखलं, आणि कारखान्यात इतकी वर्षं जे केलं तेच केलं. नळी उचलली. धूर झाला, आवाज झाला आणि पत्र्याचा उजवा निम्मा भाग आरशासारखा लख्ख हिरवा झाला.

धूर निवळला तेव्हा दारात पद्मावतीबाई उभ्या होत्या. आबासाहेबांची औषधाची पुडी घरी राहिली होती, ती घेऊन त्या रिक्षानं आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, पुडीही दिली नाही. उघड्या बॉनेटमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, "कुंकू कुठंय?"

देशमुखांच्या घरची एक रीत होती. दर दसऱ्याला घरातली थोरली सून गाडीला कुंकवाची पाच बोटं लावायची. बाहेरचं धुतलं जायचं, तिकडे सगळ्यांनी शहाणपणानं काणाडोळा केला होता. पण इंजिनामागच्या पत्र्यावरचं कुंकू मालक हयात असेतो माणसानं पुसायचं नाही, असं पद्मावतीबाईंच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या. जुन्यावर नवं, त्यावर पुढल्या वर्षीचं. सासूबाईंची बोटं खाली, पद्मावतीबाईंची वर. आबासाहेबांनी हे गाडी देताना सांगितलं नव्हतं, कारण पुरुषांना बॉनेटखाली फक्त इंजिन दिसतं.

"पुसलं तुम्ही?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

नेमक्या त्याच क्षणी आबासाहेबांना खोकला आला. नेहमीचाच खोकला, पण थंडगार धुरात तो जरा लांबला. पद्मावतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, मी आहे अजून," आबासाहेब मफलरमधून म्हणाले. "खोकतोय म्हणजे आहेच."

"तुम्ही गप बसा. तुमचं तुम्हाला काय कळतं?" बाई म्हणाल्या आणि पुन्हा वळल्या. "नामदेवराव, पुसलं का?"

नामदेवरावांना पुढचं सगळं दिसलं. ही गाडी आता रॅलीला जात नाही. यंत्र पुण्याला जातं. आणि काचीगुड्यातल्या एका बाईच्या मनात आयुष्यभरासाठी एक काटा राहतो, तो आपल्या नावाचा.

"नाही बाईसाहेब," ते म्हणाले. "देवाशपथ, हात नाही लावला. फडकं नाही लावलं, पाणी नाही लावलं. गारठ्यानं आपण होऊन सुटलं."

हे शब्दशः खरं होतं. असं खरं बोलायला फार नशीब लागतं.

पद्मावतीबाई विचारात पडल्या. सासूबाईंनी पुसण्याबद्दल सांगितलं होतं. सुटण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. "सुटलं म्हणता," त्या सावकाश म्हणाल्या. "मग गेलं कुठं?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. पाण्यानं धुतलं असतं तर सगळं गटारात गेलं असतं. बर्फ हवेत विरला होता आणि कुंकू जमिनीवर तसंच पडलं होतं, कोरडं, पापुद्र्यापापुद्र्यांनी. एकेक पापुद्रा म्हणजे एकेक दसरा: लाल, मग पिवळा, मग काळी रेघ, पुन्हा लाल. आणि त्याच्या मधोमध नामदेवरावांचा उजवा बूट होता.

"पाय काढा आधी!"

नामदेवरावांनी पाय उचलला. कुठे ठेवावा ते कळेना, कारण सगळीकडे दसरेच पडले होते. नळी हातात धरून ते एका पायावर उभे राहिले.

"अय्यो, बगळ्यासारखे काय उभे राहिलात?" भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतली नवी चादर काढून झटकली. "वैनी, हिच्यावर गोळा करू. एक कण जमिनीला ठेवायचा नाही. ह्यांना तेवढं एक काम बरं जमतं."

दोघी बायका जमिनीवर बसल्या. नामदेवरावांनी मऊ ब्रशनं, श्वास रोखून, कुंकवाचा कण न् कण चादरीवर घेतला. त्यांनी धूळ गोळा केली नव्हती असं नाही, पण टाकण्यासाठी केली होती. ठेवण्यासाठी गोळा करण्याची ही पहिलीच वेळ.

"आणि हे?" आबासाहेबांनी पत्र्याच्या उरलेल्या लाल भागाकडे बोट दाखवलं. "हे राहू द्यायचं का?"

"अर्धं कपाळ कोरं ठेवून गावभर फिरवता का तिला?" पद्मावतीबाई म्हणाल्या. "पूर्ण करा. पण चादर खाली धरून."

मग कोरड्या बर्फाच्या इतिहासात बहुधा प्रथमच दोन सवाष्णी, कानांत कापसाचे बोळे घालून, चादरीची चार टोकं धरून बसल्या आणि मधे एक निवृत्त फिटर हलक्या हातानं नळी चालवत राहिला. सगळं उतरल्यावर प्रश्न आला की हे ठेवायचं कुठे. आबासाहेब म्हणाले, तुळशीत.

"तुळशीला ग्रीस घालू?" बाईंनी विचारलं. "गाडीचं आहे, गाडीतच राहील." आणि चादरीच्या कापडातूनच एक तुकडा फाडून घट्ट पुरचुंडी बांधली गेली, ती डिकीत, जॅकच्या शेजारी विराजमान झाली. पाहुण्यांची चादर गेली ती गेलीच.

रविवारी रॅलीत मॉरिस उभी राहिली तेव्हा लोक बॉनेटभोवती जमले. निळ्या खडूची खूण बघायला तर रांग लागली. नामदेवराव इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभे होते, प्रकाशराव फोटो काढत होते. परीक्षक दोन गाड्या पलीकडे होते, तेवढ्यात पद्मावतीबाईंनी पर्समधून करंडा काढला आणि त्या लखलखीत, अस्सल, विलायती हिरव्या पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली.

"बाईसाहेब!" नामदेवराव ओरडले.

"कोऱ्या कपाळानं उभी करू का तिला? चार लोकांत?"

परीक्षक आले. निवृत्त लष्करी माणूस, मिशा अस्सल. त्यांनी खाकरून विचारलं, "देशमुख साब, ये लाल क्या है? कंपनी का मार्क है?"

"हौ," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "हमारे कंपनी का."

मॉरिसला बक्षीस मिळालं नाही. अस्सलपणाचे गुण त्या पाच बोटांनी खाल्ले. परतताना प्रकाशराव म्हणाले, "बाबा, मी भोसरीला उद्या फोन करतो." नामदेवराव "हौ" म्हणाले. सोमवारी ते शेडमध्ये गेले आणि त्यांनी यंत्र पुसून ठेवलं, फडक्यानं, आतून-बाहेरून, पाठवणी करायची म्हणून.

पण त्या दिवशी फोन लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत आली. पद्मावतीबाईंकडे हळदीकुंकू होतं. तिथे मराठी बायका आल्या, शेजारच्या तेलुगू बायका आल्या, आणि तिळगुळापेक्षा जास्त वेळ मॉरिसची गोष्ट वाटली गेली: हात न लावता कसं सुटलं, कण न् कण चादरीवर कसा घेतला, आणि त्यानंतर ह्यांचा खोकलासुद्धा कसा कमी आहे. खोकला कमी नव्हता, पण गोष्ट चांगली होती. तिथे आलेल्या निम्म्या बायकांच्या घरी एखादी जुनी गाडी, जुनी स्कूटर किंवा सासऱ्यांची पिठाची गिरणी होती आणि तिच्यावर कोणाच्या तरी बोटांचे थर होते, ज्यांच्यामुळे ती साफही करता येत नव्हती आणि टाकताही येत नव्हती. भाग्यलक्ष्मी घरी आल्या त्या एक फियाट, एक लँब्रेटा आणि एक गिरणी ठरवूनच.

"पण तुमच्या माणसांना म्हणावं चादर आणा," त्यांनी तिथेच बजावलं होतं. "आमच्याकडच्या संपल्या."

प्रकाशरावांनी भोसरीला फोन केला आणि यंत्र मोकळं नाही असं सांगितलं. सासऱ्यांना मात्र त्यांनी हे जेवताना, दुसऱ्याच विषयाच्या मधे, घाईघाईत सांगितलं. नामदेवरावांनी आणखी एक भाकरी मागितली.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. शेड मोठी झाली. आता गाडी आली की नामदेवराव आधी तिच्या मालकाला नव्हे, मालकिणीला विचारतात, "ह्यात काय काय ठेवायचं?" मग चादर अंथरतात. मलकपेटच्या एका म्हाताऱ्या नवाबसाहेबांची डॉज आली तेव्हा नामदेवरावांना वाटलं, इथे तरी सुटका. त्यांनी तशीच नळी उचलली.

"ठैरो मियां," नवाबसाहेब म्हणाले. "चादर किधर है?"

"नवाबसाब, वो कुंकू के वास्ते है. आपके गाडी में कुंकू कां है?"

"कुंकू नै तो क्या हुआ? पायदान पे मिट्टी है ना. हमारे अब्बा के जूतों की है. ऐसाइच जमीन पे गिराते क्या उसकू?"

नामदेवरावांनी वाकून पाहिलं. साधी धूळ होती. कुठलाही रंग नाही, वास नाही, थर नाहीत. पंख्यावर असते तशीच. त्यांनी चादर अंथरली, नळी चालवली, आणि धूर निवळल्यावर ती चिमूटभर माती ब्रशनं गोळा करून पुरचुंडीत घातली. एक गाठ मारली. नवाबसाहेब बघतच होते, म्हणून नामदेवरावांनी ती गाठ ओढून पाहिली, आणि मग कोणी न सांगता तिच्यावर दुसरी मारली.